यकृत पुन्हा वाढते, तर फॅटी लिव्हर आपोआप नवे का होत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४४, मद्यपान नाही, वजन ७८ किलो, रक्तातील साखर मधुमेहाच्या सीमेवर, सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, एसजीपीटी ७४, एसजीओटी ४८ (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन घटक) आणि प्लेटलेट्स २ लाख ३० हजार. यकृताचा मोठा भाग कापून काढला तरी ते पुन्हा वाढते, असे तुम्ही वाचले आहे. ज्या अवयवाला एवढे जमते, त्याने चरबीने भरलेल्या पेशी टाकून नव्या पेशी का तयार करू नयेत, असा तुमचा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. पेशींचे विभाजन वाढवणारे एखादे औषध किंवा टॉनिक आहे का, आणि विभाजन बिघडले म्हणजे ती कर्करोगाची सुरुवात समजायची का?

यात दोन वेगळ्या क्रिया एकत्र झाल्या आहेत. पेशीत साठलेली चरबी बाहेर काढणे हे चयापचयाचे काम आहे आणि त्यासाठी पेशीला एकदाही विभागावे लागत नाही. चरबीने भरलेली यकृतपेशी बहुतेक वेळा जिवंत आणि कामाची असते. परिस्थिती बदलली तर तीच पेशी आतली चरबी जाळून किंवा रक्तात सोडून पुन्हा पूर्ववत होऊ शकते. नवी पेशी लागते ती जुनी मेली तर. त्यामुळे यकृत स्वतःला नवे का करत नाही, यापेक्षा यकृतातील पेशी मरत आहेत का, आणि मरत असतील तर उरलेल्यांना त्यांची जागा भरून काढणे जमत आहे का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. मी यकृतविकारांचा डॉक्टर आहे आणि जिवंत दात्यांच्या यकृतदानापूर्वीच्या तपासण्याही करतो. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोके मला रोज दिसतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. यकृतात फायब्रोसिस, म्हणजे इजेनंतर साचणारे तंतू, किती आहे, मधुमेह पुढे होतो का, कुटुंबात यकृताचा आजार किंवा कर्करोग आहे का, कोणती औषधे चालू आहेत, थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हिपॅटायटिस बी आणि सी नाहीत याची खात्री केली आहे का, यांवर खालील सल्ला बदलेल. ‘ग्रेड २’ या शब्दाला फार महत्त्व देऊ नका. सोनोग्राफीतील ग्रेड यकृत पडद्यावर किती उजळ दिसते यावरून ठरते. त्यातून चरबीचा अंदाज मिळतो, पण पेशींची हानी किंवा फायब्रोसिस किती आहे हे त्यावरून कळत नाही.

प्रथम निरोगी यकृताबद्दल. प्रौढ माणसाच्या यकृतातील बहुतेक पेशी कोणत्याही क्षणी विभाजनाच्या चक्राबाहेर, विश्रांतीच्या अवस्थेत असतात. त्वचा किंवा आतड्याच्या अस्तराप्रमाणे तिथे रोजची धामधूम नसते. तरीही यकृत सावकाश नवे होत राहते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन पेशींचे वय मोजण्याची एक पद्धत आहे. त्या पद्धतीने केलेले मानवी यकृताचे मोजमाप २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृतपेशींचे सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमी भरले, आणि माणूस विशीतला असो की ऐंशीतला, त्यात फारसा फरक पडला नाही. त्यातच असेही दिसले की गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच असलेल्या पेशी नियमाने बदलत राहतात, तर चार किंवा अधिक संच असलेल्या पेशी कित्येक पटींनी कमी बदलतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहू शकतात. यकृतात असे जास्त संच असलेल्या, म्हणजे बहुगुणित पेशी निरोगी अवस्थेतही असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

आता कापलेले यकृत वाढते म्हणजे काय होते ते पाहू. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून दाखवला की उरलेला तुकडा आठ-दहा दिवसांत जवळपास मूळ वजनाला पोहोचतो. माणसात हे काही आठवड्यांचे आणि महिन्यांचे काम असते. काढलेला खंड मात्र पुन्हा उगवत नाही. उरलेला भागच मोठा होतो, म्हणून दात्याच्या यकृताचा आकार नंतर कायम वेगळा राहतो. शिवाय ही वाढ केवळ विभाजनाने होत नाही. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले की यकृताचा सुमारे ३० टक्के भाग काढला तर पेशी फक्त आकाराने वाढून ती उणीव भरून काढतात. ७० टक्के काढला तर आधी पेशी फुगतात आणि मगच विभाजनाला हात घालतात. विभाजन ही यकृताची पहिली पसंती नाही, आणि त्याला कारण आहे. विभागत असतानाही या पेशींना रक्तातील साखर सांभाळायची असते, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने तयार करायची असतात, अमोनियाचे युरियात रूपांतर करायचे असते. रजा न घेता दुप्पट व्हायचे, अशी त्यांची अडचण असते.

या कामाला ऊर्जा कुठून मिळते हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर जवळ येते. यकृताचा मोठा भाग काढल्यावर रक्तातील साखर घसरते, शरीरातील चरबीचे साठे मोकळे होतात आणि मेदाम्ले (चरबीचे सुटे घटक) उरलेल्या यकृताकडे येतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसात प्रयोगशाळेतील उंदरांच्या निरोगी यकृतातही चरबीचे थेंब भरलेले दिसतात. पेशी विभागू लागल्या की ती चरबी तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांमध्ये, जाळली जाते आणि काही दिवसांत थेंब नाहीसे होतात. चरबीचे हे तात्पुरते साठणे प्रयोगात रोखले, तेव्हा यकृताची वाढच मंदावली. म्हणजे चरबी स्वभावतः विभाजनाची शत्रू नाही. चरबी येते, जळते आणि जाते, हा प्रवाह चालू असेल तर ती इंधन आहे. फॅटी लिव्हरमध्ये हाच प्रवाह तुंबलेला असतो. जनुकीय दोषामुळे लठ्ठ होणाऱ्या, चरबीयुक्त यकृताच्या उंदरांवर हीच शस्त्रक्रिया केली तर त्यांच्या पेशी वेळेवर विभागत नाहीत आणि त्यांच्यातले मृत्यूही वाढतात.

प्रवाह तुंबतो कसा? यकृतातील चरबी कुठून येते याचे माणसातील मोजमाप २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. फॅटी लिव्हर असलेल्या लठ्ठ व्यक्तींमध्ये सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातील मेदसाठ्यांतून सुटलेल्या मेदाम्लांची होती, सुमारे २६ टक्के यकृताने साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून स्वतः बनवलेली होती आणि फक्त १५ टक्क्यांच्या आसपास थेट आहारातील चरबीची होती. बाह्यरुग्ण विभागात ‘मी तेल-तूप पूर्ण बंद केले’ असे सांगणारे अनेक रुग्ण येतात, पण दिवसाचे चार गोड चहा, बिस्किटे आणि रात्रीचा भात तसाच असतो. त्यांचे आकडे का हलत नाहीत, ते या वाटणीवरून कळेल.

यातील २६ टक्क्यांचा वाटा विशेष त्रासदायक आहे. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या यकृतात एक विसंगती असते. साखर रक्तात सोडणे थांबव, हा इन्सुलिनचा आदेश ते नीट पाळत नाही, पण चरबी तयार कर, हा आदेश मात्र पाळत राहते. इन्सुलिन वाढत जाते आणि चरबीची निर्मितीही चालू राहते. या निर्मितीच्या वाटेवर मॅलोनिल कोएन्झाइम ए नावाचे रसायन तयार होते, आणि तेच मेदाम्लांना तंतुकणिकांत शिरण्यापासून रोखते. म्हणजे यकृत ज्या वेळी चरबी बनवत असते, त्या वेळी ते ती नीट जाळू शकत नाही. फळांचे रस, शीतपेये आणि साखरेचे सरबत यांतील फ्रुक्टोज या वाटेवर विशेष जोराने ढकलते, कारण ग्लुकोजच्या विघटनावर असणारे मुख्य नियंत्रण ते टाळून जाते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आपण लठ्ठ दिसत नाही म्हणून यकृतात चरबी नसेल, हा समज आपल्या लोकांनी सोडलेला बरा. तुमच्या ७८ किलोंपेक्षा पोटाचा घेर माझ्यासाठी जास्त बोलका आहे आणि तो तुम्ही कळवलेला नाही. पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही आपल्याकडे वापरली जाणारी मर्यादा आहे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा चरबीचा गोल थेंब मुख्य विष नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ उंदरांच्या यकृतात ट्रायग्लिसराइड (थेंबात साठणारी चरबी) तयार होण्याची शेवटची पायरी रोखली. यकृतातील चरबी अपेक्षेप्रमाणे कमी झाली, पण हानी आणि फायब्रोसिस वाढले. मोकळी मेदाम्ले थेंबात बंदिस्त होतात, तोपर्यंत पेशी काहीशी सुरक्षित असते. ती क्षमता संपली की मोकळ्या मेदाम्लांचा आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या इतर रेणूंचा भार तंतुकणिकांवर पडतो. सुरुवातीला तंतुकणिका जोर वाढवून जास्त जाळतात. पुढे त्या थकतात आणि ज्वलनाच्या गळतीतून निघणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पेशीच्या पटलांना, प्रथिनांना आणि डीएनएला इजा करू लागतात.

डीएनएला झालेली ही इजाच चयापचय आणि विभाजन यांना जोडते. २०१५ मध्ये पॅरिसमधील शांताल देदुए यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट मला या विषयातील सर्वांत उद्बोधक वाटते. फॅटी लिव्हर असलेल्या उंदरांच्या यकृतपेशींना वाढीचा संकेत दिला तेव्हा त्या गप्प बसून राहिल्या नाहीत. त्यांनी चक्र सुरू केले, डीएनएची नक्कलही करायला घेतली. पण नक्कल संथ झाली, आणि पुढे प्रत्यक्ष दोन पेशी होण्याच्या आधीच्या तपासणीत त्या अडकल्या. डीएनएला इजा असेल तर पेशी विभागू द्यायची नाही, ही पेशीतील मूलभूत खबरदारी आहे. त्या खबरदारीची यंत्रणा जागी झाली आणि विभाजनाला शेवटचा धक्का देणारे सीडीके१ हे विकर (एन्झाइम) सक्रियच झाले नाही. परिणाम असा, की गुणसूत्रे दुप्पट झाली पण पेशी एकच राहिली. एकच मोठे केंद्रक आणि त्यात आठ किंवा त्याहून जास्त संच, अशा पेशी वाढत गेल्या. रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांतही, विशेषतः दाह असलेल्या अवस्थेत, अशा पेशी जास्त दिसल्या. उंदरांच्या पेशींना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य (अँटिऑक्सिडंट) दिल्यावर हा दोष पुष्कळसा सुधारला. त्याच गटाने २०२२ मध्ये पुढचा दुवा दाखवला. या पेशींत डीएनए बांधण्यासाठी लागणाऱ्या न्यूक्लिओटाइडांचाच समतोल ढळलेला असतो, त्यामुळे नक्कल करतानाच डीएनएवर ताण येतो आणि इजा होते.

म्हणजे तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे. चरबीने भरलेल्या यकृताच्या पेशी आळशी झालेल्या नसतात. त्या विभाजन सुरू करतात, पण ते पूर्ण करण्यासाठी लागणारी स्वच्छ ऊर्जा, पुरेसा कच्चा माल आणि इजा नसलेला डीएनए, तिन्ही कमी पडतात, आणि त्यांची स्वतःचीच सुरक्षायंत्रणा त्यांना थांबवते. हे थांबणे योग्यच आहे. इजा झालेल्या डीएनएसह पेशी विभागत गेली तर परिणाम वाईट असतो.

अशा थांबलेल्या पेशींपैकी काही कायमच्या थांबतात. त्यांच्यात पी२१ नावाचे, विभाजनाला लगाम घालणारे प्रथिन वाढलेले असते, केंद्रक मोठे असते, आणि त्या मरत नाहीत पण भोवतालच्या पेशींना दाहाचे संकेत पाठवत राहतात. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत अशा पेशींचे प्रमाण आणि फायब्रोसिसची पायरी एकमेकांशी जुळतात, असे मानवी नमुन्यांच्या अभ्यासात आढळले आहे. उंदरांत तर असेही दिसले आहे की वृद्ध झालेल्या या पेशी मेदाम्ले नीट जाळू शकत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यात चरबी आणखी साठते. म्हणजे बिघडलेले चयापचय विभाजन थांबवते आणि थांबलेली पेशी चयापचय आणखी बिघडवते.

मुख्य पेशींना जागा भरता आली नाही की यकृत दुसरी वाट धरते. पित्तनलिकांच्या सूक्ष्म फांद्यांजवळच्या पेशी वाढू लागतात. मदतीसाठीची ही वाढ अपुरी पडते, आणि तिच्या संकेतांनी व मरणाऱ्या पेशींच्या संकेतांनी ताराकृती पेशी (यकृतातल्याच, एरवी शांत असणाऱ्या) जाग्या होऊन कोलॅजन हे तंतूंचे प्रथिन टाकू लागतात. फायब्रोसिस म्हणजे हेच. भरता न आलेली जागा तंतूंनी बुजवली जाते. यकृताच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूशी सर्वांत घट्ट संबंध चरबीच्या प्रमाणाचा नसून या तंतूंचा असतो, म्हणून डॉक्टर चरबीपेक्षा फायब्रोसिसबद्दल जास्त विचारतात.

आता कर्करोगाची शंका. तुमच्या आकड्यांवरून त्या दिशेने घाबरण्याचे कारण मला दिसत नाही, पण प्रश्न रास्त आहे. जास्त गुणसूत्रसंच असलेली प्रत्येक पेशी धोकादायक नसते. उलट एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडली तर बाकीच्या प्रती काम भागवतात, आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांत बहुगुणित पेशींनी गाठींपासून संरक्षणच दिले. धोका वाढतो तो दीर्घकाळ पेशी मरत राहणे, डीएनएला इजा होत राहणे आणि तरीही काही पेशींना विभागत राहावे लागणे, या तिन्हींच्या बेरजेतून.

इथे २०२१ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले काम सांगण्याजोगे आहे. जुनाट यकृतविकार असलेल्या रुग्णांच्या यकृतातून त्यांनी शेकडो सूक्ष्म नमुने घेऊन त्यांतील जनुकीय बदल वाचले. काही पेशींचे वंश आजूबाजूच्या पेशींपेक्षा जास्त फोफावलेले होते. अशा वंशांत वारंवार बदललेली जनुके कर्करोगाची नेहमीची जनुके नव्हती. ती चयापचयाची होती. इन्सुलिनच्या संकेताशी जोडलेले फॉक्सओ१, ट्रायग्लिसराइड बनवणारे जीपॅम आणि चरबीच्या थेंबांशी संबंधित साइडबी. अर्थ असा, की ज्या पेशीत योगायोगाने असा बदल झाला की तिला चरबी साठवण्याचा किंवा इन्सुलिनच्या आदेशाचा भार कमी सोसावा लागेल, ती पेशी तगली आणि विभागत राहिली. एकाच यकृताच्या आत पेशींची निवड चालू होती आणि कसोटी चयापचयाची होती. २०२२ मध्ये मोठ्या लोकसमूहांच्या जनुकीय अभ्यासात असेही आढळले की जन्मतःच साइडबी निकामी असलेल्या व्यक्तींना यकृताचे आजार कमी होतात. विभाजन कोणाला जमते हे चयापचय ठरवते, याचा यापेक्षा सरळ पुरावा माणसात मिळणे कठीण आहे.

इथवरचा गोषवारा एवढाच: चरबी बाहेर काढायला विभाजन लागत नाही, विभाजन लागते ते मेलेल्या पेशींच्या जागी, आणि ते अडते ते पेशीचे चयापचय बिघडल्यामुळे.

म्हणून विभाजन वाढवणाऱ्या औषधाबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. फॅटी लिव्हरमध्ये यकृतपेशींचे विभाजन वाढवण्यासाठी मान्यता असलेले कोणतेही औषध नाही, आणि असते तरी तुम्हाला दिले नसते. डीएनएला इजा झालेल्या पेशींना पुढे ढकलणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला नवा गिलावा करण्यासारखे आहे, आणि वर त्यात गाठींचा धोका. यकृतासाठीच्या आपल्या बाजारातील टॉनिकांनी पेशी वाढतात, याला भरवशाचा पुरावा नाही. काही काढे आणि चूर्णे तर उलट यकृताला बाधतात. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण नंतर देशातील इतर केंद्रांतूनही अशा रुग्णांच्या नोंदी आल्या. तुम्ही काही घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना नाव, मात्रा आणि कधीपासून हे सांगा. यावरून कोणी तुम्हाला रागावणार नाही, रागावले तर डॉक्टर बदला.

ऑक्सिडीकरणरोधकाने उंदरांच्या पेशी सुधारल्या असे मी वर लिहिले, तेव्हा व्हिटॅमिन ई घ्यावे का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज ८०० युनिट व्हिटॅमिन ईने यकृतातील दाह सुधारला खरा, पण ते रुग्ण बायोप्सीने दाह सिद्ध झालेले आणि मधुमेह नसलेले होते, आणि फायब्रोसिसमध्ये स्पष्ट फायदा दिसला नाही. दीर्घकाळ मोठ्या मात्रेबद्दल काही शंकाही आहेत. दुकानातून स्वतः आणून घेण्याची ही गोळी नव्हे.

मग करायचे काय? तुमच्या आकड्यांवरून एफआयबी-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा निर्देशांक काढता येतो. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला प्लेटलेट्स (हजारांत) व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. तुमचा निर्देशांक सुमारे १.०७ येतो. १.३ पेक्षा कमी असेल तर प्रगत फायब्रोसिसची शक्यता कमी मानतात, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जाणे आवश्यक, मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. तुमची साखर सीमेवर असल्याने एकदा फायब्रोस्कॅन करून घ्यायला माझी हरकत नाही. यकृताचा कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली आला तर निश्चिंतपणे आहार-व्यायामावर लक्ष द्या.

वजन घटण्याचा परिणाम किती, याचे उत्तम मोजमाप क्युबातील २९३ रुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते. तिथे एका वर्षानंतर पुन्हा बायोप्सी करून पाहिले होते. ज्यांचे वजन १० टक्के किंवा अधिक घटले, त्यांच्यातील ९० टक्के रुग्णांत यकृताचा दाह निवळला आणि ४५ टक्के रुग्णांत फायब्रोसिस मागे हटले. साधारण हिशेब असा, की ५ टक्के घटीने चरबी कमी होते, ७ टक्क्यांच्या पुढे दाह निवळण्याची शक्यता बरीच वाढते आणि फायब्रोसिससाठी १० टक्के लागतात. तुमच्या बाबतीत हे आकडे जवळपास ४, ५.५ आणि ८ किलो. तंतू विरघळू शकतात, हे अनेकांना ठाऊकच नसते.

हे इतक्या लवकर कसे होते, ते आता तुमच्या लक्षात येईल. साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी झाले की इन्सुलिन उतरते, यकृताची चरबीनिर्मिती मंदावते, मॅलोनिल कोएन्झाइम ए घटते आणि तंतुकणिकांचे दार उघडते. आहार खरोखर बदलला तर दोन आठवड्यांतच यकृतातील चरबीत मोजता येण्याजोगी घट होते. एकही नवी पेशी तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. दात्यांच्या बाबतीत हे मी नेहमी पाहतो. यकृतात ३० टक्क्यांहून जास्त चरबी असलेला दाता बहुतेक केंद्रे घेत नाहीत, कारण उरलेले यकृत आणि दिलेला तुकडा, दोघांनाही वाढायचे असते. पण वडिलांना किंवा भावाला यकृत द्यायचे म्हणून एखादा तरुण मनापासून खाणे बदलतो, रोज चालतो, आणि काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत त्याच यकृताची चरबी मर्यादेच्या आत येते. त्यानंतर दान केले तर त्याचे यकृत वाढते. पेशी त्याच्या त्याच असतात, फक्त त्यांच्यावरचा भार उतरलेला असतो. असा हेतू समोर नसताना तेच साधणे अवघड जाते, हेही मान्य करतो.

आहारात मी सर्वांत आधी पातळ साखर बंद करायला सांगतो. शीतपेये, डब्यातले रस, उसाचा रस, साखरेची सरबते, आणि चहातली साखर. त्यानंतर मैदा, बेकरी आणि फरसाण. पोहे, साबुदाणा, भात यांचे प्रमाण निम्मे करून ताटात उसळ, डाळ, भाजी, दही, अंडी किंवा मासे वाढवा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा भरपूर खाणे हा यकृताचा उपवास नव्हे. भरभर चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. व्यायामाने वजन न घटताही यकृतातील चरबी काही प्रमाणात कमी होते, कारण स्नायू साखर उचलू लागतात आणि यकृतावरचा इन्सुलिनचा मारा कमी होतो. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर घ्या. नियमित कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळते, पण हा निरीक्षणाचा पुरावा आहे. आवडत नसेल तर सुरू करू नका. मद्य तुम्ही घेत नाही, तसेच राहू द्या. वजन महिन्याला दोन-तीन किलोंच्या वेगाने उतरले तर पुरे. उपासमारीने फार झपाट्याने उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

औषधांबद्दल थोडक्यात. मध्यम ते प्रगत फायब्रोसिस असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली. भारतात सारोग्लिटाझार वापरले जाते. ही सगळी औषधे चयापचयावर काम करतात, विभाजनावर एकही नाही. तुमचा निर्देशांक पाहता आज तुम्हाला यांची गरज दिसत नाही. मधुमेह झाला किंवा फायब्रोस्कॅन वेगळे बोलले, तर चर्चा बदलेल.

पुढचा कार्यक्रम असा ठेवा. तीन महिन्यांनी वजन, पोटाचा घेर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), एसजीओटी आणि एसजीपीटी पुन्हा पाहा. एसजीपीटी उतरली तर दिशा बरोबर आहे. न उतरता तशीच राहिली तर दुसरी कारणे शोधायला डॉक्टरांना सांगा, सगळे खापर चरबीवर फोडून थांबू नका. सोनोग्राफी दर महिन्याला करण्यात अर्थ नाही. डोळे पिवळे होणे, पायांवर किंवा पोटात सूज, काळी शौच, किंवा प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली जाणे, यांतले काही झाले तर तीन महिने न थांबता लगेच दाखवा. साखर सीमेवर आहे तोवर एफआयबी-४ दर एक-दोन वर्षांनी काढत राहा. मात्र त्यासाठी लागणारे तिन्ही आकडे एकाच दिवसाच्या रक्ततपासणीतले घ्या, आणि ताप किंवा इतर आजारपण चालू असताना काढलेले रक्त या हिशेबात धरू नका.